गाडी बदलीवर होती

काकांकडे मी राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. गावाहून कुठल्या गाडीने आलीस, बरोबर कोण होतं, आणि ऑफिसातल्या साहेबांचं आडनाव काय. मी उत्तरं दिली. मग काकूंनी चहा दिला, मी माझी ट्रंक माळ्यावर चढवली, हातपाय धुऊन आले, आणि अर्ध्या तासाने त्यांनी तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचारले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल. म्हणून मी जरा मोठ्याने उत्तरं दिली. काकू ओट्याकडे तोंड करून हसत होत्या.

ऐकू त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी चुकतो, असं त्यांचं मत होतं. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी मला त्याचा दुसरा भागही सांगितला. खरं बोलणारा दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी गाळतो, काहीतरी नवीन आठवून सांगतो. शब्दाला शब्द तेच आलं तर ते पाठ केलेलं समजायचं. म्हणजे उत्तर बदललं तरी संशय आणि नाही बदललं तरी संशय. त्यांच्या हातून सुटका अशी कोणाची नव्हतीच. मी नेमकी कुठल्या कलमाखाली अडकले होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काका आणि माझे वडील एका गावचे. मी गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा वडिलांनी मला डिलाईल रोडला या दोघांच्या खोलीत सोडलं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन लालबागला दिलेली होती, माळा रिकामा होता. गिरण्यांचा संप संपून चारेक वर्षं झाली होती. संप संपला असं आपण आता म्हणतो. तेव्हा चाळीत कोणी तसं म्हटलं तर काका त्याला विचारायचे, कोणी संपवला आणि कधी, सांग. त्याचं उत्तर कोणालाच देता यायचं नाही.

गिरणीत काका फोल्डिंग खात्यात होते. तयार झालेलं कापड टेबलावरून पुढे सरकत यायचं आणि काका ते उजेडासमोर बघून त्यातले दोष शोधायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ. दोष दिसला की तिथे निळ्या खडूची खूण. निर्दोष कापड ते फ्रेश, खूण पडलेलं ते सेकंड. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. संपात पोटासाठी धरलेली टॅक्सी मग तशीच पुढे चालू राहिली. खातं सुटलं, पण तपासणी काही सुटली नाही.

निळा खडू शर्टाच्या खिशात असायचाच. घरात दुधाच्या पातेल्याला बाहेरून खूण, रॉकेलच्या डब्याला खूण. एकदा माझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीवरही खूण दिसली. मी भडकले. मी काय काकूंचं तेल चोरते, असं सरळ विचारलं. काका शांतपणे म्हणाले की खूण माझ्यासाठी नव्हती. माझं तेल दुसरं कोणी घेत नाही ना, हे बघायला होती. त्या खोलीत माझ्याखेरीज फक्त ते दोघं राहत होते.

कुठलीही वस्तू हातात आली की खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरायची. पोस्टकार्ड, लग्नपत्रिका, काकूंची नवी साडी, एकदा तर पापड. माणसांनाही त्यांचे तेच दोन भाव होते. दूधवाला सेकंड. चाळीचा सेक्रेटरी सेकंड. सगळ्या चाळीला एकच लाल औषध देणारा डॉक्टर सेकंड, पण कंपाउंडर फ्रेश. माझ्याबद्दल एकदा काकूंनी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "अजून टेबलावर आहे." मी ती खोली सोडून गेले तोवर हे बदललं नाही.

टॅक्सीतही तेच. पुढचा आरसा रस्ता बघायला नसून गिऱ्हाईक बघायला दिलेला आहे, असा त्यांचा समज होता. कोणी दादर म्हटलं की पूर्व का पश्चिम हे विचारायचेच, पण कशाला हेही विचारायचे. एकदा परळला एक गृहस्थ मोठं गाठोडं घेऊन बसले. गाठोड्यातून टिकटिक येत होती. काकांनी चकार शब्द न बोलता गाडी सरळ पोलीस चौकीत नेली. गृहस्थ घड्याळजी निघाले. दुरुस्त केलेली सात भिंतीवरची घड्याळं ते गिऱ्हाइकांना पोचवायला निघाले होते. हवालदाराने गाठोडं सोडलं आणि तेवढ्यात अकरा वाजले. सातही घड्याळांनी ठोके दिले, पण एकानेही दुसऱ्याबरोबर दिले नाहीत. काकांचं यावर म्हणणं असं, की माणूस घड्याळजी असेल पण दुरुस्ती सेकंड होती, म्हणजे संशय काही अगदीच वाया गेला नाही.

या सगळ्यातून एकच माणूस सुटलेला होता, आणि तो म्हणजे जावई. जावई त्याच गिरणीत कातखात्यात, सूत कातायच्या कामावर होते. लग्नाआधी काकांनी त्यांना आठ महिने तपासलं होतं. काकू ते रंगवून सांगायच्या. मुलगा राहतो त्या लालबागच्या चाळीसमोर पानाच्या गादीवर उभं राहून तो किती वाजता घरी येतो ते बघितलं. खाणावळवाल्याला विचारलं. एवढंच नाही, टाइमकीपरच्या ओळखीने त्याचा रजेचा अर्ज मिळवून त्याची सही उजेडासमोर धरली. सहीखाली सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. सही सरळ आहे, माणूस सरळ आहे, असा निकाल देऊन त्यांनी मुलगी दिली. त्यानंतर जावयाला एकही प्रश्न दोनदा विचारला गेला नाही. जावई घरात आले की काका स्वतः उठून त्यांना खाटेवर जागा द्यायचे आणि अहोजाहो करायचे.

याच्या उलट चौदा नंबर. आमच्याच मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत एक साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे गृहस्थ राहायचे. साठीच्या आतबाहेरचे, अंगाने किरकोळ. त्यांच्याशी चाळीत कोणी बोलत नसे. मी नवीन, मला काय ठाऊक; एकदा नळावर त्यांना वेळ विचारली तर त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलते आहे की काय म्हणून. वर आल्यावर काकूंनी मला सगळं सांगितलं. संपाच्या काळात काका रोज सकाळी सहा ते आठ गिरणीच्या मागच्या फाटकाच्या गल्लीत पाळतीवर उभे राहायचे, चालत जाऊन, एकटेच. कोण लपूनछपून कामावर जातं ते बघायला. आठनंतर टॅक्सी. एका सकाळी त्यांनी चौदा नंबरला आत जाताना बघितलं आणि चाळीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. चौदा नंबर म्हणत राहिले की मुलीचं लग्न ठरलंय, माझा इलाज नव्हता. महिन्याभराने लग्न झालं. खाली चौकातच मांडव होता, आणि चाळीतलं एक माणूस खाली उतरलं नाही. गॅलरीतून सगळे बघत होते, पण उतरलं कोणी नाही. उरलेली बुंदी चौदा नंबरच्या बाईने फुटपाथवरच्या लोकांना वाटली.

मला काकांचा भयंकर राग आला. मी त्यांना विचारलंही, तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "वाईट वाटून डाग जातो का?" आणि पातेल्यावरची खूण बघायला उठले.

आता त्या दंडाची गोष्ट.

टॅक्सीचे मालक माझगावचे. गोदीतून निवृत्त झालेले म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ, स्वभावाने अगदी गरीब. काका त्यांची गाडी दिवसपाळीला चालवत. मालकांना आता वसईला बहिणीकडे राहायला जायचं होतं. गाडी ते काकांच्या नावावर करून देणार होते, आणि काकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरा कोण गाडी देणार? पण नावावर करताना वाहतुकीच्या कचेरीत एक जुनं लचांड निघालं. संपाच्या काळातला, नो पार्किंगचा दंड, भरायचा राहिलेला. नोटिशीवर गाडीचा नंबर, तारीख आणि रस्त्याचं नाव एवढंच होतं. तो निकाली निघेपर्यंत कागद पुढे सरकणार नव्हता. मालक म्हणाले, अरे बाबा, दिवसपाळी तुझी होती, किरकोळ दंड आहे, भरून टाक आणि मोकळा हो. त्यांना महिनाअखेर वसईला जायचं होतं. तोवर नाही झालं तर गाडी ते भाच्याला विकणार होते.

दंड खरंच किरकोळ होता. चाळीतल्या दहा जणांनी काकांना तेच सांगितलं. काकांनी पेटीतून जुनी डायरी काढली. त्या डायरीत रोज एक ओळ असायची. त्या तारखेला लिहिलं होतं: ताप. गाडी बदलीवर. म्हणजे त्या दिवशी काका अंथरुणाला खिळलेले होते आणि टॅक्सी दुसऱ्याने चालवली. ज्या ठिकाणी आपण उभे नव्हतो तिथे उभे होतो असं सरकारी कागदावर येता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा निव्वळ खूळ वाटलं.

बदलीवर कोण होतं, हे मात्र डायरीत नव्हतं. तापात चावी काकूंनी दिली होती. काकूंचं उत्तर ठरलेलं: गॅरेजमधला एक माणूस आला, चावी मागितली, मी दिली, नाव विचारलं नाही. मग काकांनी संशयाला सुरुवात केली. आधी मालकांवर, स्वतःच गाडी नेली आणि आता माझ्यावर ढकलतायत. मग गॅरेजवाल्यावर. मग चौदा नंबरवर, काहीही कारण नसताना. रोज नवा माणूस सेकंड निघत होता.

शेवटी अर्ज करायचं ठरलं आणि तो टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी सांगितलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत जसंच्या तसं टाइप केलं: सदर दिवशी मी आजारी असून गाडीवर बदली होती. आमच्या घरात, आमच्या चाळीत, सगळ्या डिलाईल रोडवर बदली म्हणजे एकच. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही, आणि मी स्वतःला मोठी वकिलाकडची टायपिस्ट समजत होते.

कचेरीतले कारकून नागपूरकडचे होते. स्वतःची बदली होऊन नुकतेच मुंबईत आलेले, त्यामुळे त्या शब्दाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता आणि तो दुखरा होता. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं की त्या तारखेला गाडीची बदली झाली असेल तर बदलीचे कागद कुठे आहेत? कोणाच्या नावावर झाली? आणि आधीच झाली होती तर आता पुन्हा कशाला करताय?

काका म्हणाले, "बदली झाली नव्हती. बदली होती."

"होती म्हणजे झालीच ना?"

"झाली नाही हो. आली होती, एका दिवसापुरती."

कारकुनांनी चष्मा काढून काकांकडे बघितलं. गाडी एका दिवसापुरती दुसऱ्याच्या नावावर करून परत घेतली, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या माणसावर कोणीतरी उघड संशय घेताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. तीन खिडक्या फिरून झाल्या. शेवटी कारकून म्हणाले की मूळ पावतीची कार्बन प्रत रेकॉर्डमधून काढतो, ती बघा, आणि मग कोर्टात साहेबांपुढे काय ते सांगा.

आठ दिवसांनी प्रत निघाली. मी ऑफिसातून तासाभराची सुट्टी काढून गेले होते. काकांनी तो जांभळट कागद घेतला आणि सवयीप्रमाणे खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. वरच्या ओळीत: सकाळी सात वाजून दहा, गिरणीच्या मागच्या फाटकाजवळची गल्ली, चालक गाडीत नाही. खाली त्याच शिपायाच्या अक्षरात: दुपारी साडेतीन, गाडी त्याच जागी, चालक आला, नोटीस दिली. आणि त्याखाली नोटीस घेणाऱ्याची सही.

"सात ते साडेतीन," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पहिली पाळी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारकुनाला ती नुसती वेळ होती. पण गिरणगावात कोणालाही हा कागद दाखवला असता तर त्याने एका नजरेत सांगितलं असतं की गाडी बाहेर लावून माणूस आत कामावर गेला होता आणि पाळी भरून बाहेर आला. संप चालू असताना. म्हणजे हा दंड आता काकांनी भरला तर पाळत ठेवणारा माणूस स्वतःच आत जात होता, असं होणार होतं. नोटिशीवरचं गल्लीचं नाव काकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं; दंडासाठी एवढा अट्टाहास कशाला, हे मला त्या खिडकीशी कळलं.

सही मला ओळखीची नव्हती. पुसट होती, पण रेघ दिसत होती, आणि रेघेखाली दोन टिंबं. काका तो कागद किती वेळ धरून उभे होते कोणास ठाऊक. मग त्यांनी तो घडी न घालता कारकुनाला परत दिला आणि एकही प्रश्न विचारला नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी काकूंना विचारलं, त्या दिवशी चावी कोणाला दिलीस? काकू म्हणाल्या, गॅरेजमधला एक माणूस आला, चावी मागितली, मी दिली, नाव विचारलं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द. काका "बरं" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवायला आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पातेल्यावर खूण नव्हती. काकूंनी ते पातेलं फिरवून फिरवून बघितलं आणि "यांना कळलं" म्हणत माझा हात धरून मला खाली बसवलं. काका टॅक्सी घेऊन गेलेले होते. मला ऑफिसला उशीर होत होता, पण काकूंनी माझा हात सोडला नाही.

"जावई आले होते गो," त्या म्हणाल्या. "पोरीला सातवा महिना होता. घरात काय नाय. यांना ताप भरलेला, म्हणजे मागच्या फाटकावर आज कोण नाय, हे त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले, आई, आजच्या दिवस गाडी मी चालवतो. मी दिली चावी. संध्याकाळी चावी द्यायला आले तर केसात कापूस. इतक्या महिन्यांनी कोणाच्या केसात कापूस बघितला मी. माझ्या हाताने झटकला, आणि कोणाला नाय बोलले."

पुढे गिरणी उघडल्यावर जावयांना लगेच कामावर घेतलं होतं. सगळ्यांना ते त्यांचं नशीब वाटलं होतं. काकांनाही.

काकूंना भीती कसली होती हे त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. काकांनी चौदा नंबरला चाळीतून तोडलं, तसं जावयाला तोडतील. जावई तुटले की मुलीला माहेर राहणार नाही, नातू या घरात येणार नाही. काकांच्या तोंडून एक नाव बाहेर पडलं की संपलं. आणि नाव तर कोर्टात विचारणारच होते. मी टाइप केलेल्या अर्जातच लिहिलं होतं की दुसरा माणूस होता म्हणून. मला स्वतःच्या बोटांचा राग आला.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी जिन्यात काकांना गाठलं. म्हटलं, काका, भरून टाका ना दंड.

ते म्हणाले, "भरला की मी तिथे होतो असं होतं. नाही भरला की कोण होतं ते सांगावं लागतं. तू टायपिस्ट आहेस. तिसरं काही असेल तर टाइप करून दे."

त्यांनी थोडा वेळ खरंच वाट बघितली आणि मग जिना उतरून गेले.

कोर्टात त्या दिवशी टॅक्सीवाल्यांची गर्दी होती. त्यात डिलाईल रोडचे दोघे-तिघे काकांच्या ओळखीचे होते. साहेब कंटाळलेले, पुढ्यात फायलींचा ढीग. काकांचा नंबर आला. साहेबांनी माझा अर्ज वाचला. त्यांना मात्र बदली शब्दाचा अर्थ पहिल्याच फटक्यात कळला.

"गाडीवर बदली ड्रायव्हर होता म्हणता. नाव सांगा त्याचं. दंड त्याच्यावर लावतो."

काका हात जोडून उभे होते. मी मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसले होते. माझी खात्री होती की ते नाव घेणार. सत्तावीस वर्षांत ज्या माणसाने दिसलेला डाग सोडला नाही, तो आता कसा सोडणार?

"साहेब, अर्ज चुकला," काका म्हणाले. "टाइप करणाऱ्या मुलीची चूक. बदली कोणी नव्हता. गाडी मीच लावली होती."

"गिरणीच्या मागच्या गल्लीत, सात ते साडेतीन?"

"सात ते साडेतीन."

"मग इतके दिवस हे भांडण कशाला चाललं होतं?"

"आठवत नव्हतं, साहेब."

कोर्टात हशा पिकला. डिलाईल रोडचे टॅक्सीवाले तेवढे हसले नाहीत. ते एकमेकांकडे बघत होते, आणि मग काकांकडे. मला आधी राग आला, चूक माझ्या माथी मारली म्हणून. आणि लगेच असा हुंदका फुटला की बाजूच्या बाईने मला पाणी दिलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "तुझं नाव नाही घेतलं. मुलगी एवढंच म्हटलं." जणू माझ्या रडण्याचं कारण तेच होतं.

पावती मिळाली, त्याच आठवड्यात गाडी नावावर झाली. मालक वसईला गेले. रविवारी काकूंनी मुलगी-जावयाला जेवायला बोलावलं. पण बातमी आमच्याआधी चाळीत पोचलेली होती. तीन-चार दिवस जिन्यात काकांना बघून लोक गप्प होत होते. ज्यांना काकांनी कधी ना कधी सेकंड ठरवलं होतं, असे पुष्कळ होते, आणि त्यांना आता बोलायला विषय मिळाला होता. सेक्रेटरीने तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने पहिल्या पाळीवर विनोद केला. काका ऐकून न ऐकल्यासारखं करून वर आले.

रविवारी जेवणं झाल्यावर दुपारचा चहा चालला होता. जावई खाटेवर, मुलगी मुलाला मांडीवर घेऊन काकूंजवळ, मी दाराशी. काका गॅलरीत उभे होते. तेवढ्यात चौदा नंबर आले. आपल्या खोलीतून चार पावलं चालून आमच्या दारापर्यंत ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले होते.

"भाऊ, कोर्टातलं खरं का?" त्यांनी विचारलं.

"खरं."

चौदा नंबरचा आवाज चढलेला नव्हता.

"म्हणजे तुम्ही पण आत गेला होता. आणि माझ्या पोरीच्या मांडवात चाळीतलं एक माणूस येऊ दिलं नाय तुम्ही."

खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. जावयांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता सांगतील. सत्तावीस वर्षांची नजर, रोज सकाळची पाळत, सगळी अब्रू त्या एका वाक्यात जात होती, आणि ती वाचवायला त्यांना फक्त मागे वळून खाटेकडे बोट दाखवायचं होतं.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, काकूंनीही नाही. आत गेलो होतो हे खोटं होतं. पण 'चुकलं' हे त्यांनी खोटं म्हटलं नव्हतं. तो मांडव अजून खाली चौकात असल्यासारखं तिकडे बघून ते म्हणाले. चौदा नंबर बहुधा भांडायच्या तयारीने आले होते. कठड्यावर हात ठेवून ते जरासे उभे राहिले आणि परत गेले.

काका आत आले. जावई मान खाली घालून बसले होते. सासरे आलेले बघून ते उठायला लागले. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"बसा," काका म्हणाले. "चहा गार झाला, जावईबापू. दुसरा करायला सांगतो."